चिपरमधून शेवया पडायला लागल्या तेव्हा

मे महिन्यात आमच्या इंदूरजवळच्या सिमरोलच्या शेतावर पेरूची छाटणी झाली की फांद्यांचा असा डोंगर होतो की ट्रॉली उभी करायला जागा राहात नाही. आधी बांधावर पेटवून द्यायचो, आता ट्रॅक्टरला लावायचा चिपर, म्हणजे फांद्या बारीक करायचं यंत्र आहे, चुरा करून झाडांच्याच बुडाशी पसरतो. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते ना, त्यावर तीन-चार इंच चुऱ्याचा थर असला की पाणी बरंच टिकतं. फक्त खोडाला चिकटवून ढीग लावायचा नाही आणि ताजा चुरा मातीत कालवायचा नाही, कुजताना तो मातीतला नायट्रोजन ओढतो, वरच राहू द्यायचा.

तर यंदा काय झालं, मनगटाएवढी फांदी घातली की इंजिन दबायचं, काळा धूर, बेल्ट जळल्याचा वास. मी खात्रीने ठरवलं की ट्रॅक्टर म्हातारा झाला. डिझेल फिल्टर बदलला, एअर क्लीनर धुतला, बेल्ट ताणला. मेकॅनिक आला, त्याने डिझेल पंप काढायला सांगितलं आणि तेवढं सांगायचे पैसे घेऊन गेला. पीटीओला, म्हणजे चिपर फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या शाफ्टला, मिनिटाला 540 फेरे हवेत ते मीटरवरच्या खुणेपर्यंत मी देतच होतो, तरी तेच.

बाबा, ज्यांनी सगळा जन्म बँकेत काढला आणि ट्रॅक्टरवर एकदाही बसले नाहीत, ते चहाचा कप घेऊन ढिगापाशी उभे होते. मूठभर चुरा उचलून म्हणाले, "अरे, गेल्या वर्षी हे कसं पेरूच्या फोडींसारखं पडायचं, आता शेवया पडतायत." मी बघतच राहिलो. बोथट पातं लाकूड कापत नाही, फाडतं, म्हणून लांब धागे येतात आणि सगळी ताकद त्या फाडण्यातच जाते.

आणि पाती बोथट केली कोणी, तर आम्हीच. फांद्या जमिनीवरून फरफटत आणायच्या, सालीला माती-खडे चिकटलेले, तसंच आत ढकलायचं. त्यात आमच्या गड्याला मी "थोड़ी बबूल भी निपटा दो भिया" म्हटलेलं, वाळून लोखंड झालेली बाभूळ! ओलं लाकूड कापायला बहुतेक वेळा सोपं, छाटणी झाल्यावर फार दिवस पडू द्यायचं नाही हे मला माहीत होतं, पण लग्नसराई होती.

धार लावताना आणखी एक मूर्खपणा केला. घरच्याच हातग्राइंडरवर घासलं, कडा निळी पडली. निळी पडली म्हणजे तापून पोलादाचं पाणी उतरलं, कडकपणा गेला, ती धार दोन दिवसांत गेली. शेवटी इंदूरच्या सियागंज बाजारातून पात्यांचा नवा जोड आणला आणि जुना जोड पाण्याखाली घासणाऱ्या दुकानात दिला. परत आल्यावर दोन्ही पाती आईच्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवली (तिने नंतर काटा तीनदा धुतला), कारण एक हलकं एक जड झालं तर ज्या चकतीवर पाती बसतात ती थरथरते आणि बेअरिंग जातं. घासून पातं आखूड होतं, म्हणून खालच्या स्थिर पात्यापासूनची फट पुन्हा फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, लावायची. ही फट वाढली तर नवी धारसुद्धा शेवयाच काढते.

पाती काढताना ट्रॅक्टर बंद, किल्ली माझ्या खिशात, पीटीओ शाफ्ट सुटा आणि चकतीत लाकडी पाचर. पीटीओ बंद केला तरी ती जड चकती बराच वेळ गरगरत राहते, आवाज थांबला म्हणून झाकण उघडायचं नाही, डोळ्यांनी बघायचं. गड्याचा गमछा पहिल्याच दिवशी गळ्यातून काढायला लावला, तो रुसला, रुसू दे. फांदी बुंध्याकडून घालायची आणि बाजूला उभं राहायचं. शाफ्टच्या क्रॉसना, म्हणजे सांध्यांना, रोज सकाळी ग्रीस. पीटीओ लावताना इंजिन अगदी हळू ठेवायचं, मग एक्सिलेटर वाढवायचा, नाहीतर शाफ्टचा शिअर बोल्ट तुटतो. माझा दोनदा तुटला. गावातल्या दुकानदाराने "मजबूत वाला ले जाओ" म्हणून कडक बोल्ट पुढे केला, नको म्हटलं, तो तुटण्यासाठीच असतो, तो नाही तुटला तर गिअरबॉक्स तुटेल.

नवी पाती लावून पहिली फांदी घातली, ट्रॅक्टरला कळलंसुद्धा नाही. पंप तसाच आहे, हात लावला नाही. बाभूळ आता वेगळ्या ढिगात ठेवतो, चुरा झाला तरी तिचे काटे काटेच राहतात, परवा एक बाबांच्या चपलेतून आरपार निघाला.