कापसाच्या मुलखातली लग्नपत्रिका

मागच्या महिन्यात परभणीहून वहिनीचा फोन आला. भाचीचं लग्न ठरलंय, तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त धरायचा विचार चाललाय. "ताई, तिकडं आता कसल्या पत्रिका चालतात, जरा फोटो पाठवा की. इथं सगळे लेझर कटिंगचे डबे बघायलेत. पोरीला काहीतरी वेगळं पाहिजे."

मी गेली चौदा वर्षं बोस्टनजवळ राहते. इथल्या ओळखीपाळखीच्या लग्नांच्या पत्रिका मी एका खणात जपून ठेवल्यात. त्या सगळ्या टेबलावर मांडल्या, फोटो काढून वहिनीला पाठवले. पण पत्रिकेचं निम्मं काम हाताला कळतं, फोटोत ते येत नाही. म्हणून हे लिहायला बसले. लग्न काढलेल्या आणखी कुणाला उपयोग झाला तर चांगलंच.

इथली सध्याची चांगली पत्रिका उचलली की आधी जाडी जाणवते. आपल्याकडचं नेहमीचं कार्ड तीनशे जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला तीनशे ग्रॅम वजनाच्या) आसपास असतं, इथं सहाशे जीएसएमचा कागदही सर्रास वापरतात. त्याला चकाकी नसते. रंगही दबके: सुकलेल्या तुळशीच्या पानासारखा हिरवा, कौलासारखा तांबूस, मळकट गुलाबी. सोनेरी असलंच तर एखादी बारीक रेघ. वरून बटर पेपरसारखा अर्धपारदर्शक कागद गुंडाळतात, त्यावर रेशमी फीत बांधतात किंवा लाखेचा शिक्का उठवतात. हो, जुन्या दस्तऐवजांवर असायची तीच लाख, फक्त आता ती राखाडी नाहीतर मोतिया रंगात मिळते. पाकिटाच्या आतल्या अंगाला लग्नाच्या जागेचं जलरंगातलं चित्र चिकटवलेलं असतं. पत्ता हातानं, वळणदार अक्षरात लिहिलेला. काही हौशी लोक तर चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची, कधी न वापरलेली टपाल तिकिटं शोधून विकत घेतात आणि पाकिटावर एकाशेजारी एक अशी रांगेत लावतात. अमेरिकेत जुनी तिकिटं बाद होत नाहीत, त्यामुळे ती चालतात. लाखेचा शिक्का मात्र टपालाच्या यंत्रात अडकतो, चौकोनी पाकीटही यंत्राला चालत नाही. दोन्हींना जादा पैसे पडतात, आणि काळजी असलेली माणसं पोस्टाच्या खिडकीवर जाऊन "टपालाचा शिक्का हातानं मारा" अशी विनंती करतात. मला आमच्या घरचे दिवस आठवतात. पाकीट उघडं ठेवायचं, कोपऱ्यात "बुक पोस्ट" लिहायचं, आणि चारी कोपऱ्यांना हळद-कुंकू लावून गठ्ठाच्या गठ्ठा पोस्टात न्यायचा.

आता मुख्य गोष्ट. इथल्या सगळ्यात मानाच्या पत्रिका ज्या कागदावर छापतात, तो कापसाचा असतो. झाडाच्या लगद्याचा नव्हे, निव्वळ कापसाचा. मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिमेला डाल्टन नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या क्रेन घराण्यानं सुरू केलेली कागद गिरणी १८०१ पासूनची, आणि डॉलरच्या नोटांचा कागद १८७९ पासून तीच पुरवते: ७५ टक्के कापूस, २५ टक्के जवसाच्या धाग्यांचं सूत, म्हणजे लिनन. गावात कागदाचं एक संग्रहालय आहे, पूर्वी जिथं बायका बसून चिंध्या निवडायच्या त्याच जुन्या दगडी खोलीत. मी तिथं उभी होते आणि डोळ्यांसमोर आमच्या परभणी जिल्ह्यातल्या मानवत-सेलूच्या जिनिंगबाहेर लागलेली कापसाच्या गाड्यांची रांग होती. आपण पांढऱ्या सोन्याच्या मुलखातली माणसं. घरच्या लग्नाची पत्रिका मात्र प्लास्टिकचा पापुद्रा चढवलेल्या चकचकीत कागदावर छापतो, आणि तीच भारी समजतो.

शिवाय हे काही परक्यांकडून शिकायचं नाही. दौलताबाद आणि खुलताबाद यांच्या मधे कागजीपुरा आहे. वेरूळला जाताना तुम्ही त्याच्या जवळून गेला असाल. महंमद तुघलकानं १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली, तेव्हा तिच्यामागोमाग कारागीर आले, त्यात कागज करणारे कागजी होते, असं तिथं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. गावाचं नावच कागदावरून पडलं. चिंध्या भिजवायच्या, कुटून लगदा करायचा, तो पाण्यात कालवून चाळणीवर अलगद उचलायचा, दाबून पाणी काढायचं, वाळवायचं, आणि शेवटी गुळगुळीत दगडानं घोटायचं. अशा कागदाची कड कापलेली नसते. जुन्या धोतराचा काठ विरतो तशी ती विरत गेलेली असते. अमेरिकेतल्या नवऱ्या मुली आज नेमकी हीच विरलेली कड मागून घेतात. ती नसली तर काही छापणारे कागद मुद्दाम हातानं फाडून तशी कड तयार करतात. हे पाहून मला फार वाईट वाटलं आणि फार अभिमानही वाटला, दोन्ही एकदमच.

छपाईचंही तसंच आहे. इथं पत्रिकेवर बोट फिरवलं की अक्षर खोलगट लागतं. याला लेटरप्रेस म्हणतात आणि त्याचे दाम मोजावे लागतात. कार्ड, पाकीट, उत्तराचं कार्ड असा एक संच दहा-पंधरा डॉलरला सहज पडतो. लेटरप्रेस म्हणजे आपली खिळ्यांची, शिशाच्या सुट्या अक्षरांची छपाई. माझे आजोबा परभणीत एका छापखान्यात खिळे जुळवायचे. इंग्रजीला सव्वीस अक्षरं. मराठीला काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरं धरून शेकड्यांनी खण, आणि आजोबांचा हात न बघता बरोबर खणात जायचा. डावीकडे स्टिक, म्हणजे खिळे जुळवायची पट्टी, तिच्यात उलटी अक्षरं. लग्नसराईत ते रात्री उशिरापर्यंत ट्रेडलवर, पायानं चालवायच्या छपाई यंत्रावर, असायचे. पाय खाली, कागद आत, कागद बाहेर. घरी आले की बोटांना शाईचा आणि रॉकेलचा वास.

एक गोष्ट मात्र उलटी झाली आहे. आज इथं जितकी खोल उमट तितकी पत्रिका भारी समजतात. आजोबा छापलेला कागद उलटा करून पाठीवर बोट फिरवायचे, आणि अक्षर टोचलं तर ट्रेडल थांबवायचे. कागदाला दुखेल इतका दाब द्यायचा नाही, शाईनं नुसतं टेकायचं, हा त्या धंद्याचा जुना नियम होता. खोल दाबानं शिशाचे खिळेही झिजायचे. आता इथं शिशाऐवजी पॉलिमरचा ठसा वापरतात, तो एका कामापुरताच असतो, म्हणून दाब परवडतो. दिसायला सुंदर दिसतं, मी नाही म्हणत नाही. पण मला आजोबांचं टेकणं जास्त आवडतं. संगणकावरची जुळणी म्हणजे डीटीपी आलं, ऑफसेट आलं, आणि त्या छापखान्यातले खिळे भंगारात किलोवर गेले. आजोबा तेव्हा हयात होते. ते काही बोलले नाहीत.

आता लिपीबद्दल, कारण इथल्या मराठी घरांची खरी पंचाईत इथंच होते. गेल्या वर्षी ओळखीच्या एका कुटुंबानं इथल्या एका डिझायनरकडून पत्रिका करून घेतली. कागद उत्तम, ठसा उत्तम, आणि "विवाह" या शब्दाची पहिली वेलांटी व सोडून पुढच्या अक्षरावर जाऊन बसलेली. जोडाक्षरं सुटून पाय मोडलेली. शंभरावर प्रती छापून झाल्यावर त्या घरातल्या आईंच्या लक्षात आलं. डिझायनरचा हेतू वाईट नव्हता. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची जुळणी वेगळी सुरू करावी लागते, हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि चुकलेली देवनागरी त्यांच्या डोळ्यांना चुकलेली दिसत नव्हती. आपल्याकडे श्रीलिपी या जुन्या टायपिंग सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या फाँटमध्ये टाकला की त्याचाही असाच चिखल होतो. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये ठेवा, छापायला देताना अक्षरांची आउटलाइन करून, म्हणजे त्यांना चित्राचं रूप देऊन, पीडीएफ द्या, आणि छपाईआधी एक कागदी प्रूफ घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाला मोठ्यानं वाचायला लावा.

याहून बारीक पण माझ्या जिव्हाळ्याची गोष्ट म्हणजे ल आणि श. मराठीचा ल दोन पाकळ्यांचा, हिंदीचा ल दंडाचा. मराठीचा श देठाचा, हिंदीचा गाठीचा. राज्य शासनानं २००९ साली निर्णय काढून पाकळीचा ल आणि देठाचा श हीच मराठीची अक्षरं असं ठरवून दिलं. तरी फुकट मिळणाऱ्या बऱ्याच फाँटांमध्ये हिंदी वळणच आधी येतं. "शुभविवाह" श नं सुरू होतो, "लग्न" ल नं. म्हणजे पत्रिकेचे पहिले दोन शब्दच परक्या वळणात जातात आणि कुणाच्या ध्यानातही येत नाही. तिरो देवनागरी मराठी नावाचा एक फाँट इंटरनेटवर मोफत मिळतो. त्यात दोन्ही अक्षरं आपली आहेत, आणि जुन्या खिळ्यांच्या छपाईची आठवण व्हावी असं त्याचं वळण आहे. भाचीला मी तोच पाठवला.

आणि आता पत्रिका कुणाला जाते त्याबद्दल. पहिल्यांदा ऑफिसातल्या मैत्रिणीची पत्रिका आली, तेव्हा पाकिटावर माझं आणि यांचं नाव होतं, मुलाचं नव्हतं. इथला रिवाज असा की पाकिटावर ज्यांचं नाव, तेवढ्यांनाच बोलावणं. आत एक छोटं कार्ड आणि तिकीट लावलेलं परतीचं पाकीट: अमुक तारखेपर्यंत कळवा, येणार की नाही, जेवायला मासे, चिकन की शाकाहारी. आता बरेच जण त्या कार्डाऐवजी क्यूआर कोड देतात, तो लग्नाच्या वेबसाइटवर नेतो. सहा-आठ महिने आधी "सेव्ह द डेट" वेगळं आलेलं असतंच. त्यांचाही हिशोब आहे. ताटागणिक पैसे मोजायचे असतात, हॉलमध्ये खुर्च्या मोजक्या. मैत्रिणीनं मला हे सगळं मोकळेपणानं समजावून सांगितलं आणि मला तिचा राग आला नाही.

पण माझ्या गावात लग्नाचं बोलावणं चुलीला असतं. चूलबंद आवतण दिलं की त्या घरात त्या दिवशी चूल पेटवायची नाही, तान्ह्या पोरापासून आजीपर्यंत सगळ्यांनी पंगतीला यायचं. पत्रिकेच्या तळाशी पोरांच्या तोंडून छापलेली ओळ असते, "आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं!" म्हणजे बोलावणारी मुलंच. वर तुळजाभवानी, माहूरची रेणुका, अंबाजोगाईची योगेश्वरी, जिची जी कुलस्वामिनी ती. बौद्ध घरांतून तथागत आणि बाबासाहेब, खाली "मंगल परिणय". गेलेल्यांची नावंसुद्धा पत्रिकेत बोलावणं करतात, कुणाकडे "कै." लावून, कुणाकडे "कालकथित" लिहून. आमच्या गल्लीतल्या मुसलमान शेजाऱ्यांकडचा उर्दू रुक्का यायचा, तो आम्हाला वाचता यायचा नाही, पण आजोबा त्या वळणाकडे बराच वेळ बघत बसायचे.

भाचीनं पहिला नमुना पाठवला त्यात दोघांची नावं, तारीख, जागा आणि एक पान. इथल्या फोटोंचा परिणाम. फार देखणा होता. पण त्यात निमंत्रक गेले होते, आजोबा गेले होते, पोरांची ओळ गेली होती. मी तिला फोन केला.

"आत्या, तूच तर फोटो पाठवले ना? एवढी नावं टाकली की सगळं गिचमिड दिसतं गं."

तिचंही खरं होतं. मग इथल्याच पद्धतीचा उपयोग झाला. इथं एका कार्डात सगळं कोंबत नाहीत. मुख्य कार्ड वेगळं, कार्यक्रमाचं वेगळं, पत्त्याचं वेगळं. आम्हीही दोन पानं केली. पहिल्यावर कुलस्वामिनी, दोघांची नावं, मुहूर्त, भोवती भरपूर मोकळी जागा. दुसऱ्यावर सगळं गणगोत: कै. आजोबा-आजी, काका, मामा, समस्त परिवार, आणि तळाशी पोरांची ओळ. गिचमिड अजिबात वाटत नाही. घर भरल्यासारखं वाटतं. मोरांची पैठणी किनार तिला हवी होती, ती चारी बाजूंनी न लावता फक्त पाकिटाच्या आतून लावली. नकाशाचा क्यूआर कोड पाकिटाच्या मागे. फोनवरची व्हिडिओ पत्रिका वेगळी होणारच आहे, लांबच्यांना तीच सोयीची.

सगळ्या प्रती हातकागदावर परवडण्यासारख्या नव्हत्या. म्हणून ५१ कागजीपुऱ्याच्या कागदावर, देवाला आणि थोरल्यांना द्यायला, आणि बाकीच्या साध्या, न चकाकणाऱ्या कार्डावर ऑफसेटनं. भाऊ स्वतः जाऊन कागद घेऊन आला. छपाईसाठी त्यानं परभणीतच एक ट्रेडल शोधून काढली. तिच्यावर आता फक्त पावतीपुस्तकांचं नंबरिंग आणि घडीच्या रेघा मारायचं काम होतं. पॉलिमरचा ब्लॉक करून आणला, मालकांनी एक दुपार मोकळी दिली.

पहिली प्रत निघाली तेव्हा इथं पहाटेचे चार वाजले होते. भावानं व्हिडिओ कॉल लावला, कागद कॅमेऱ्याजवळ धरला. मी ल बघितला, श बघितला, दोन्ही वेलांट्या बघितल्या, "कै." नंतरचं आजोबांचं नाव वाचलं. मग म्हटलं, कागद उलटा कर आणि पाठीवर बोट फिरव.

त्यानं बोट फिरवलं.

"काही लागत नाही, ताई."

"मग छाप," म्हटलं.