काकूंची दाढ

आज सकाळी समोरच्या काकूंनी हाक मारली नाही. बस, एवढंच झालं.

रोज मी ॲक्टिव्हा काढली की गॅलरीतून "निघालीस का गं?" येतं, आज माझ्याकडे बघितलं आणि नुसत्या आत वळल्या. रामबागेतून पलासियाच्या सिग्नलपर्यंत मी आठवत होते, परवा कचऱ्याच्या गाडीपाशी काही बोलले का, दिवाळीचा फराळाचा डबा परत द्यायचा राहिला म्हणून का (राहिलाच आहे), आणि ऑफिसला पोचेस्तोवर काकू कुठल्या कुठे राहिल्या, मी कुणालाच नकोय, कधी नव्हतेच, पुढेही नसणार इथवर गाडी आलेली. डब्यातले पोहे तसेच परत आणले. वरून जिरावण मसाला घातला होता तरी.

मार्च एंडिंग आहे, चार तास झोप, त्यात हे.

माझ्या काउन्सेलर मॅडम सांगतात ते मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेकचं, १९६०च्या दशकातलं. डिप्रेशनमधला विचार तीन घरं फिरतो: मी वाईट, जग वाईट, पुढचं सगळं वाईट. मी एक घर सोडत नाही. मागच्या एप्रिलमध्येही असंच कुठल्याशा फुटकळ गोष्टीवरून... जाऊ दे.

आणि भूकंपाचं. १९८९ला सॅन फ्रान्सिस्कोकडे मोठा भूकंप झाला, त्याच्या दोन आठवडे आधीच योगायोगाने स्टॅनफर्डच्या पोरांकडून फॉर्म भरून घेतलेले, मन खट्टू झालं की काय करता म्हणून. ज्यांना तेच तेच उगाळत बसायची सवय, ती सात आठवड्यांनीही जास्त उदास निघाली. रवंथ नुसतं. गाईला निदान पचतं तरी.

बरं, त्यांच्याकडे भूकंप तरी झाला होता.

संध्याकाळी जिन्यात काका भेटले. काकूंची दाढ रात्रभर ठणकत होती, सकाळी तोंडच उघडेना, दुपारी काढली. मागे काकू, गाल टम्म, तोंडात कापूस. मला बघून हाताने चौकोन केला. डबा!

मला एवढं हसू आलं की काका बघतच राहिले. आणि वर दार लावते न लावते तोच मनात, बघ, म्हणजे राग होताच, डब्याचा होता.

अगं बाई, पुरे.

डबा घासून पालथा घातलाय. रिकामा कसा द्यायचा, उद्या शिरा करते, मऊ, चावायला नको. साखर संपलीये बहुतेक.