पिकअपचे हेडलाइट, रिले आणि हौद्यातली लाइट : आम्ही वायरिंगमध्ये काय काय बदललं

जुन्या पिकअपला उजेड कमी पडायला लागला की 60/55 चा (अप्पर म्हणजे लांबचा झोत 60 वॉट, डिपर म्हणजे खालचा झोत 55 वॉट) बल्ब काढायचा आणि 100/90 चा ठोकायचा, हे आमच्या ओतूर-नारायणगाव पट्ट्यात अगदी सर्रास चालतं. टोमॅटोच्या सीझनला रात्री भरून निघणाऱ्या गाड्या बघा, निम्म्या गाड्यांचा समोरून डोळ्यात भाला खुपसल्यासारखा उजेड येतो आणि त्या ड्रायव्हरला विचारलं तर तो म्हणतो मला अजून पण नीट दिसत नाही. मला हे मनापासून खटकतं, कारण दोष बल्बात नसतोच, दोष बल्बपर्यंत जाणाऱ्या वायरीत असतो. म्हणून घरच्या पिकअपला मी आणि धाकट्या भावाने मिळून जे काम केलं ते सविस्तर लिहितोय, कोणाला करायचं असेल तर उपयोगी पडेल.

आधी समजून घ्या की जुन्या पिकअपमध्ये हेडलाइटचा करंट जातो कुठून. बॅटरी, मग फ्यूज बॉक्स, मग डॅशबोर्डमधून स्टिअरिंगजवळचा लाइट स्विच, त्याच्यातनंच अप्पर-डिप्परचा कॉन्टॅक्ट, आणि तिथून परत बोनेटमध्ये बल्बपर्यंत. एवढा लांब फेरा आणि वायर बारीक, मध्ये चार-पाच कपलर, प्रत्येकाला थोडा थोडा गंज चढलेला. 55 वॉटचे दोन बल्ब म्हणजे साधारण 9 ते 10 अँपिअर करंट, तो सगळा त्या स्विचच्या छोट्या कॉन्टॅक्टमधून जातो. वाटेत व्होल्टेज पडतं.

हे अंदाजाने बोलायची गरज नाही, मल्टीमीटर लावा. इंजिन चालू, डिपर चालू, बल्ब होल्डरमध्ये लावलेलाच पाहिजे (बल्ब काढून मोजलं तर व्होल्टेज पूर्ण दाखवतं आणि फसगत होते), मग होल्डरच्या मागून पिन घालून बघायचं. आमच्या गाडीला बॅटरीवर 13.9 व्होल्ट होते आणि होल्डरवर 11.8. दोन व्होल्टच तर कमी, त्याने काय होतंय असं वाटतं, पण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात कमी होत नाही, साधारण 3.4 व्या घाताने पडतो. हिशोब केला तर बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज मिळालं असतं तर जेवढा उजेड पडला असता त्याच्या 57 टक्केच मिळत होता! आता अशा वायरीवर 100/90 टाकला की अप्परला दोन्ही बल्बचे मिळून 16 अँपिअरच्या वर जाणार, व्होल्टेज अजून पडणार, होल्डर पिवळा पडून वितळणार आणि शेवटी स्विच जळणार. स्विच नवा टाकून वर परत तोच बल्ब लावणारे लोक मी बघितलेत, वाईट वाटतं.

उपाय म्हणजे रिले, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. बल्बचा मोठा करंट बॅटरीवरनं सरळ न्यायचा आणि जुन्या वायरीला फक्त रिले ओढायचं काम ठेवायचं, त्याला पाव अँपिअरसुद्धा लागत नाही. दोन रिले लागतात, एक डिपरला एक अप्परला. रिलेवर नंबर छापलेले असतात, 30 ला बॅटरीचा प्लस फ्यूजमधून, 87 वरून बल्बला, 86 ला जुन्या होल्डरमधून येणारी डिपरची (किंवा अप्परची) वायर आणि 85 ला अर्थ (चॅसिसला जोडलेली मायनसची वायर). बस एवढंच. पण हे तेव्हाच, जेव्हा गाडीचा स्विच प्लस बाजूला असतो. काही जपानी गाड्यांमध्ये बल्बला प्लस कायम असतो आणि स्विच अर्थ तोडतो-जोडतो, तिथे ही जोडणी उलटी पडते, म्हणून आधी मीटर लावून खात्री करायची. आणि नव्या गाड्या ज्यांच्यात लाइट कॉम्प्युटरवर चालतात, त्यांच्या वायरीला तर हात लावूच नका, तिथे करंटमध्ये फरक पडला की बल्ब गेला म्हणून दिवा लागतो, आणि वॉरंटीचा प्रश्न वेगळाच.

आम्ही कंपनीच्या वायरिंगची एकही वायर कापली नाही. बाजारात रेडीमेड हार्नेस (रिले-प्लगसकट तयार वायरींचा जुडगा) मिळतो, त्याचा एक प्लग एका बाजूच्या जुन्या होल्डरमध्ये बसतो, दुसरा जुना होल्डर टेप मारून बाजूला बांधून ठेवायचा. उद्या रस्त्यात रिले गेला तर जुने होल्डर परत बल्बला लावले की पाच मिनिटात गाडी पहिल्यासारखी. रात्री माळशेजमध्ये अडकलात तर ही गोष्ट फार मोठी आहे. फक्त रेडीमेड हार्नेसमध्ये वायर बारीक असते, जाड दिसतं ते नुसतं प्लास्टिक, म्हणून आम्ही बल्बकडे जाणाऱ्या वायरी काढून 2.5 स्क्वेअर एमएमच्या टाकल्या.

फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावरच पाहिजे. लोक तो रिलेजवळ लावतात, मग बॅटरी ते फ्यूज ही वायर कुठे घासली तर तिला कोणीच वाली नाही, सरळ आग. डिपरला 15 चा आणि अप्परला वेगळा 15 चा, म्हणजे एक उडाला तरी दुसरा राहतो, घाटात एकदम काळोख होत नाही.

आणि अर्थ! सगळे प्लसच्या मागे लागतात आणि अर्थ विसरतात. परत जाणारा करंट तेवढाच असतो, तो गंजलेल्या पत्र्यातून जात असेल तर प्लसला सोन्याची तार टाकली तरी उपयोग नाही. आम्ही दोन्ही बल्बना नवीन अर्थ टाकली, चॅसिसवर रंग खरवडून, वायरीच्या टोकाला थिंबल (बोल्टसाठी भोक असलेलं धातूचं टोक) पंच करून, बोल्ट आवळून वरून ग्रीस लावलं. काम झाल्यावर होल्डरवर 13.5 व्होल्ट. बल्ब तोच, 60/55 चाच. भाऊ पहिल्या रात्री चालवून आला आणि म्हणाला दादा, साइडपट्टी दिसायला लागली. व्होल्टेज वाढल्याने बल्बचं आयुष्य थोडं कमी होतं हे खरं आहे, पण बल्ब स्वस्त आहे.

दुसरा बदल फॉग लॅम्पचा. H4 बल्बमध्ये (म्हणजे आपला हाच दोन तारांचा हेडलाइट बल्ब) अप्पर मारला की डिपरची तार बंद होते, त्यामुळे लांबचं दिसतं पण बंपरच्या पुढचं जवळचं एकदम काळं होतं, आणि वळणावर नेमकं तेच पाहिजे असतं. यावर काही पोरं अप्पर-डिपर दोन्ही तारा एकदम पेटतील अशी जोडणी करतात. ते अजिबात करू नका, एका छोट्या काचेत 115 वॉटची उष्णता कायम राहिली तर बल्ब आणि होल्डर दोन्ही जातात. आम्ही बंपरखाली फॉग लॅम्प लावले, त्याला तिसरा रिले, आणि त्याचा ट्रिगर (रिले ओढणारा करंट) पार्किंग लाइटच्या वायरवरून मधे वेगळा स्विच टाकून घेतला. म्हणजे अप्पर असो की डिपर, फॉग आपल्या हातात, आणि पार्किंग बंद केलं की फॉग आपोआप बंद, बॅटरी उतरायची भीती नाही. पावसाळ्यात कल्याण-नगर रस्त्यावर माळशेजला ढग रस्त्यावर उतरतात तेव्हा अप्पर मारला तर समोर पांढरी भिंत उभी राहते, तिथे डिपर आणि फॉग एवढंच ठेवायचं. पिवळ्या रंगाचं सगळे कौतुक करतात, पण खरं काम लॅम्प किती खाली आहे आणि उजेड किती पसरट आहे याचं असतं.

तिसरं काम मला सगळ्यात आवडलेलं, हौद्यातली लाइट. शेतात रात्री क्रेट भरायचे तर कोणीतरी मोबाइल धरून उभा. केबिनच्या मागे वर एक एलईडी लावला, पण अडचण अशी की तो चुकून चालू राहिला तर मागच्या गाडीवाल्याच्या तोंडावर पांढरा उजेड. त्यासाठी पाच पिनचा रिले वापरला. त्यात 87a नावाची जादा पिन असते, ती रिलेला करंट नसताना 30 ला जोडलेली असते आणि रिले ओढला की सुटते. रिलेची कॉइल (85-86 मधली, रिले ओढणारी) इग्निशनवर जोडली, एलईडी 87a वर. चावी बंद असताना बटण दाबलं की हौद्यात उजेड, चावी फिरवली की लाइट बंद, ड्रायव्हर विसरला तरी चालतं. वेगळा 5 अँपिअरचा फ्यूज आहे त्याला.

कायद्याचं पण थोडं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये गाडीत फेरफार करण्यावर बंधनं आहेत, आणि केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मध्ये समोरच्याचे डोळे दिपवू नयेत असं स्पष्ट आहे. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये स्वस्तातला एलईडी बल्ब घालणं मला याच कारणाने पटत नाही, रिफ्लेक्टर तारेच्या जागेच्या हिशोबाने बनवलेला असतो, उजेडाची जागा हलली की तो कुठेही फेकतो.

उजेड वाढला म्हणजे सेटिंग परत करावीच लागते. आणि ती रिकाम्या गाडीवर करू नका. पिकअप मागून भरली की पाटे दबतात, नाक वर होतं आणि डिपरसुद्धा समोरच्या मोटरसायकलवाल्याच्या डोळ्यात जातो. आम्ही नेहमीएवढे क्रेट भरून गाडी सपाट जागेवर भिंतीपासून 10 मीटरवर उभी केली, लॅम्पच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने मारली आणि डिपरची वरची कड त्या खुणेच्या 10 सेंटिमीटर खाली आणली. डावीकडे कड थोडी वर चढलेली दिसते, ती तशीच असायला पाहिजे, आपल्याकडे डावी बाजू म्हणजे रस्त्याची कड. गाडी रिकामी असताना उजेड थोडा जवळ पडतो, भावाला त्याची सवय झाली. आठवड्याने अर्थचे बोल्ट परत आवळले आणि तासभर लाइट चालू ठेवून फ्यूज होल्डरला हात लावून बघितला, कोमट सुद्धा नव्हता. गरम लागला असता तर पंचिंग ढिलं आहे असं समजून परत करायचं.