राणीची चिप माझ्या नावावर करून घेताना आलेला अनुभव

राणी, म्हणजे मी सोडवून आणलेली कुत्री, आता ठणठणीत आहे, हे आधीच सांगते म्हणजे वाचताना कुणाचा जीव टांगणीला लागायला नको. पण तिची मायक्रोचिप (ओळख पटावी म्हणून कुत्र्याच्या कातडीखाली घालतात ती चिप) माझ्या नावावर करून घेताना जो मनस्ताप झाला तो अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितेय.

घर सोडून गेलेल्या लोकांनी तिला मागच्या अंगणात बांधून ठेवलं होतं. पिल्लू असताना घातलेला नायलॉनचा पट्टा कुणी सैल केलाच नाही, मान वाढत गेली आणि पट्टा कातडीत रुतत गेला, वरून केसांचा गुंता, त्यामुळे तो दिसतच नव्हता, वासावरून कळलं. असा पट्टा घरी कात्रीने काढायला जाऊ नका, डॉक्टरांनी भूल देऊन काढला. गोचीडताप पण निघाला, डॉक्सिसायक्लिनचा 28 दिवसांचा कोर्स झाला, उतार पडला. तो कोर्स कुत्रं खेळायला लागलं म्हणून मधेच सोडायचा नसतो. असो, दवाखान्याची बाजू सरळ पार पडली.

अडलं ते चिपपाशी. डॉक्टरांनी स्कॅनर खांद्यांच्या मधोमध फिरवला, काही नाही. मग हळूहळू पुढच्या पायाकडे नेला तेव्हा कुठे 15 आकडी नंबर आला. चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि कधीकधी कातडीखाली सरकते, म्हणून सगळं अंग स्कॅन करायला सांगा, एकदा वरवर फिरवून "चिप नाही" म्हणणाऱ्यांवर थांबू नका. त्या चिपमध्ये मालकाचं नाव नसतं हे पण लक्षात घ्या, जीपीएस तर नाहीच नाही. फक्त नंबर असतो, नाव-पत्ता नोंदणी करणाऱ्या संस्थेकडे असतो.

तर त्या संस्थेला फोन केला. नोंद जुन्या मालकाच्या नावावर, त्याचा फोन नंबर बंद. नाव बदलायचं तर त्याची लेखी संमती आणा. मी म्हटलं अहो, तो माणूस कुत्रीला बांधून उपाशी सोडून गेलाय, तो संमती कुठून देणार? "मॅडम, नियम आहे." ईमेल केला तर आपोआप येणारं उत्तर, परत फोन केला तर दुसरीच व्यक्ती आणि सगळी कथा पुन्हा पहिल्यापासून. एकीने तर मला विचारलं की तुम्ही कुत्री चोरली नाही कशावरून. प्रश्न चुकीचा नाही, चोरलेली कुत्री अशीच खपवली जातात हे मलाही कळतं, पण मग सिद्ध कसं करायचं ते तरी सांगा ना! ते कुणीच सांगेना. आणि इकडे राणीला घ्यायला तयार असलेलं चांगलं घर ताटकळलेलं, कारण जुन्या मालकाच्या नावावर असलेली कुत्री मी दुसऱ्याला देऊच शकत नव्हते, उद्या तो उगवला आणि माझी कुत्री द्या म्हणाला तर? नाव बदलायचा फॉर्म परत आला की राग यायचा आणि मी राणीच्या मानेवरची जखम धुवायला बसायचे, तेवढ्याने डोकं शांत व्हायचं.

शेवटी हट्टाने वरिष्ठांशी बोलायचं म्हणून फोन धरूनच ठेवला. त्या बाई दोन मिनिटांत म्हणाल्या, संमती मिळत नसेल तर आम्ही जुन्या मालकाला नोंदीतल्या पत्त्यावर नोटीस पाठवतो, ठरलेल्या मुदतीत त्याने हरकत घेतली नाही तर नाव बदलतो. म्हणजे रस्ता आधीपासून होता!! खालच्या एकाही माणसाने तो सांगितला नव्हता. त्यामुळे पहिल्याच फोनला विचारा, "मालकाचा पत्ता लागत नसेल तर तुमची पद्धत काय?" उत्तर लेखी मागा, आणि बोलणाऱ्याचं नाव, तारीख लिहून ठेवा.

नोटिशीच्या अर्जासोबत माझ्याकडचं सगळं जोडलं: सापडली त्या दिवशी पोलिसांत दिलेल्या माहितीची प्रत, डॉक्टरांचं तपासणीचं पत्र, पट्टा काढण्याआधीचे फोटो, शेजाऱ्यांनी लिहून दिलेलं. फोटो पहिल्या तासातच काढा, औषधपाणी सुरू झाल्यावर कुत्रं इतकं बदलतं की आधीची अवस्था कुणाला खरी वाटत नाही. हरकत आली नाही, नाव बदललं, तो ईमेल आला तेव्हा मी अक्षरशः रडले.

एक राहिलंच, हे खरं तर सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. खूप दिवस उपाशी असलेल्या कुत्र्याला दया येऊन भरपेट खाऊ घालू नका. अचानक जास्त अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फरस धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं आणि जीवावर बेततं. थोडं थोडं, दिवसातून बऱ्याच वेळा, आणि किती ते डॉक्टरांना विचारून. घरात आधीचं कुत्रं असेल तर नवीन आलेल्याला वेगळ्या खोलीत ठेवा, खरूज आणि पार्व्हो (कुत्र्यांचा उलट्या-जुलाबाचा जीवघेणा आजार) दोन्ही सहज पसरतात.

राणी आता तिच्या नव्या घरी आहे. देतानाच मी चिपच्या नोंदीत त्यांचं नाव आणि चालू फोन नंबर समोर बसून टाकून घेतला, नंतर करू म्हणाले होते, मी ऐकलं नाही.