तुम्ही विचारलंत म्हणून : बग तिथेच असेल हे आधी कसे कळते?

नागपूरला परसोडीच्या आयटी पार्कमध्ये किंवा मिहान या उद्योग-क्षेत्रात नुकतीच सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या, म्हणजे सॉफ्टवेअर तपासण्याच्या, कामाला लागलेली मुले-मुली भेटली, की एक प्रश्न हमखास निघतो. टेस्ट केसमध्ये (काय तपासायचे याच्या लेखी यादीत) लिहिलेले नसताना, रिक्वायरमेंटमध्ये (सॉफ्टवेअरने काय करायचे याच्या लेखी अपेक्षांत) उल्लेखही नसताना, अनुभवी टेस्टर सरळ एखाद्या आडबाजूच्या स्क्रीनवर जातो आणि बग, म्हणजे प्रोग्राममधला दोष, तिथेच निघतो. हे त्याला आधी कसे कळते, आणि ते आम्हाला शिकता येईल का? माझे उत्तर असे आहे, की हा अंदाज म्हणजे कारणासकट लक्षात राहिलेला जुना बग असतो. कारण माहीत नसलेले बग कितीही पाहिले तरी त्यांतून अंदाज तयार होत नाही. आणि कारण विचारून घेता येते, म्हणून हा अंदाज शिकताही येतो.

फॉर्ममध्ये जन्मतारीख दिसली, की ती भरून आणि सेव्ह करून मी थांबत नाही. तीच तारीख छापील अहवालात, एक्सेलमध्ये उतरवलेल्या यादीत आणि दुसऱ्या लॉगिनमधून पुन्हा पाहते. भारतीय प्रमाणवेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. प्रोग्रामने नुसती तारीख न ठेवता तिच्यासोबत मध्यरात्रीची वेळ ठेवली आणि ती जागतिक वेळेत बदलली, तर १२ जून सुरू होतानाची मध्यरात्र ११ जूनच्या संध्याकाळचे साडेसहा होते, आणि जिथे ती परत भारतीय वेळेत आणायची राहून जाते तिथे जन्मतारीख एक दिवस आधीची दिसते. प्रोग्राम लिहिणाऱ्या डेव्हलपरच्या संगणकावर सगळीकडे भारतीय वेळच असल्यामुळे त्याला हे दिसत नाही, जागतिक वेळेवर चालणाऱ्या सर्व्हरवर गेल्यावर दिसते. पेन्शनधारकांच्या नोंदी असतील, तर मी १९४३ सालातली एखादी जन्मतारीख मुद्दाम घालते. महायुद्धामुळे सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या काळात भारतातील घड्याळे आणखी एक तास पुढे, म्हणजे साडेसहा तासांवर होती. प्रोग्रामच्या एका भागाला हा इतिहास ठाऊक असेल आणि दुसरा भाग सरसकट साडेपाच तास धरत असेल, तर त्या एका तासाने तारीख मागे सरकते. हे कारण एकदा समजले, की तारखेची प्रत्येक चौकट वेगळी दिसू लागते.

मराठी नावांचेही तसेच आहे. कऱ्हाडे किंवा गोऱ्हे या आडनावांतील अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो : एकात नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारे जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी नावे आहेत, आणि युनिकोडच्या (संगणकात अक्षरे साठवण्याच्या जागतिक पद्धतीच्या) नेहमीच्या प्रमाणीकरणानेही ती एक होत नाहीत. एका कळफलकावरून नोंदवलेली व्यक्ती दुसऱ्या कळफलकावरून शोधली तर सापडत नाही.

पण अंदाज प्रत्यक्षात कसा चालतो हे सांगायला मला संत्र्याच्या हिशेबाचे उदाहरण सर्वांत उपयोगी वाटते. बाजारात येणाऱ्या संत्र्याची आवक, वजन, लिलाव, हमाली-तोलाई आणि शेतकऱ्याची पट्टी (त्याच्या विक्रीच्या हिशेबाचा कागद) असा सगळा हिशेब ठेवणारे एक सॉफ्टवेअर माझ्याकडे तपासणीला आले होते. टेस्ट केस व्यवस्थित लिहिलेल्या होत्या आणि सगळ्या पास होत होत्या. मी पट्टीचा नमुना छापून पाहिला, तेव्हा तिच्यावर नुसता अनुक्रमांक होता, वर्षाचा उल्लेख नव्हता, आणि १ एप्रिलपासून क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतात असे रिक्वायरमेंटमध्ये एका ओळीत म्हटले होते. शाळेची फी आणि दवाखान्याची बिले तपासताना मी हेच चिन्ह पूर्वी पाहिले होते : फक्त एका वर्षापुरता वेगळा असलेला क्रमांक, आणि वर्ष ओलांडून जाणारा व्यवहार. इकडे मृग बहाराची संत्री फेब्रुवारी ते एप्रिल या काळात येतात, म्हणजे आर्थिक वर्षाची सीमा ऐन हंगामातच पडते. मग ३१ मार्चच्या रात्री गाडी आली, वजन झाले, लिलाव दुसऱ्या दिवशी सकाळी झाला, आणि शेतकऱ्याने आधी उचल घेतलेली होती, अशी माहिती मी भरली. उचल दुसऱ्याच शेतकऱ्याच्या खात्यातून वजा झाली. गेल्या वर्षी त्याच क्रमांकाची पट्टी त्याच्या नावावर होती, आणि प्रोग्राम वर्ष न बघता केवळ क्रमांकावरून जोडणी करत होता. टेस्ट केसमधली सगळी माहिती एकाच दिवसाच्या तारखेने तयार केलेली असल्यामुळे हा बग त्यांतून बाहेर येणे शक्यच नव्हते. ज्याच्या पट्टीतून ते पैसे गेले असते त्याला ते परत मिळवायला किती हेलपाटे घालावे लागले असते, याचा विचार करून मला आजही या कामाची किंमत कळते.

यात गूढ काही नाही. समोर एक चिन्ह होते, ते पूर्वी पाहिलेले होते, आणि त्यामागचे कारण माहीत होते. ग्लेनफर्ड मायर्स यांनी १९७९ साली टेस्टिंगवरच्या आपल्या पुस्तकात एरर गेसिंगला, म्हणजे चूक कुठे असेल याच्या अंदाजाला, एक पद्धत म्हणून जागा दिली होती, आणि आज टेस्टरना प्रमाणपत्र देणाऱ्या आयएसटीक्यूबी या संस्थेच्या अभ्यासक्रमातही अनुभवाधारित तंत्रांमध्ये ती एक्सप्लोरेटरी टेस्टिंगच्या (वापरत, शोधत तपासण्याच्या) शेजारी शिकवली जाते. मला मात्र याहून अधिक उजेड मानसशास्त्रातून मिळाला. डॅनियल कानेमान आणि गॅरी क्लाइन या दोन संशोधकांची तज्ज्ञांच्या अंतःप्रेरणेबद्दलची मते एकमेकांच्या विरुद्ध मानली जात. २००९ साली त्यांनी मिळून लिहिलेल्या निबंधात असा निष्कर्ष मांडला, की अंतःप्रेरणेवर भरवसा ठेवायला दोन अटी लागतात : त्या क्षेत्रात पुरेशी नियमितता हवी, आणि आपला अंदाज बरोबर ठरला की चूक, हे माणसाला वेळेवर कळायला हवे.

आपल्या व्यवसायात पहिली अट बऱ्यापैकी पूर्ण होते, कारण माणसे प्रोग्राम लिहिताना त्याच त्याच प्रकारच्या गोष्टी विसरतात. अडते ते दुसऱ्या अटीपाशी. टेस्टर बग नोंदवतो, डेव्हलपर दुरुस्त करतो, टेस्टर पुन्हा तपासून बग बंद करतो, आणि तो का झाला होता हे टेस्टरला कधीच कळत नाही. असे बरीच वर्षे चालले तर माणसाकडे बंद केलेल्या बगांची मोठी संख्या जमते, अंदाज मात्र जमत नाही. म्हणून मी नव्या टेस्टरना सांगते, की बग बंद करण्यापूर्वी डेव्हलपरकडे जाऊन कोणती ओळ बदलली आणि आधी काय गृहीत धरले होते, एवढे विचारा. बहुतेक डेव्हलपर आनंदाने सांगतात, फक्त विचारताना चूक दाखवण्याचा सूर नको. मग वहीत दोन ओळी लिहा : कारण काय होते, आणि बाहेरून ते कशावरून ओळखता आले असते. माझ्या मते दुसरी ओळ अधिक मोलाची आहे, कारण पुढच्या सॉफ्टवेअरमध्ये कारण आधी दिसत नाही, खूण दिसते.

ज्यांच्या वहीत अजून काहीच नाही, त्यांना उसनी आठवण घेता येते. मोठ्या बिघाडांची कारणे कंपन्या अनेकदा स्वतः प्रसिद्ध करतात. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी मायक्रोसॉफ्टची अझुर ही सेवा कोलमडली, कारण एक वर्षाच्या मुदतीचे प्रमाणपत्र तयार करताना प्रोग्रामने फक्त वर्षाच्या आकड्यात एक मिळवला आणि २९ फेब्रुवारी २०१३ ही अस्तित्वात नसलेली तारीख काढली. हे वाचलेला नवा टेस्टरही ‘एक वर्षानंतर’ असे शब्द दिसले की थबकेल. शिवाय आपण जिथे राहतो तिथले ज्ञानही अनुभवच असतो. गाडीचा क्रमांक तपासणारी चौकट एमएच ३१, ४० आणि ४९ हे नागपूरचे क्रमांक स्वीकारते, पण २०२१ पासून सुरू झालेल्या बीएच मालिकेत राज्याच्या अक्षरांऐवजी वर्षाचे आकडे आधी येतात. मे महिन्यात भर दुपारी उन्हात धरलेला फोन तापतो आणि स्वतःचा वेग कमी करतो, तेव्हा घरोघरी फिरून नोंदी घेणाऱ्याचे ॲप किती वेळ अडकते, हा प्रश्न नागपूरच्या माणसाला थंड शहरातल्या माणसाआधी सुचायला हवा.

अंदाजाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. जिथे आठवण नाही तिथे अंदाज गप्प असतो, आणि त्याचे गप्प राहणे म्हणजे बग नसणे नव्हे. पैशांचे व्यवहार, परवानग्या, औषधांच्या मात्रा अशा ठिकाणी सगळ्या शक्यता पद्धतशीर मांडूनच तपासाव्या लागतात. एखाद्या मॉड्यूलमध्ये बग सापडत गेले, की मन पुन्हा तिकडेच ओढ घेते आणि बाकीचे भाग तपासायचे राहून जातात. त्यामुळे नवा बिल्ड, म्हणजे प्रोग्रामची नवी आवृत्ती, आल्यावर पहिला काही वेळ मी अंदाजासाठी राखून ठेवते आणि नंतर ठरलेल्या तपासणीकडे वळते. अंदाज खरा ठरला, तर त्याची टेस्ट केस लिहून ती रिग्रेशनमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलानंतर पुन्हा करायच्या तपासणीत, घालते, म्हणजे पुढच्या वेळी ती जागा माझ्या आठवणीवर अवलंबून राहत नाही. खरा ठरला नाही, तर कोणती शंका होती, कोणती माहिती वापरली आणि कोणत्या बिल्डवर पाहिले, एवढे नोंदवून पुढे जाते. त्या भागातला कोड पुन्हा बदलला, की ती नोंद काढून तीच माहिती नव्या बिल्डवर भरून पाहते.