सातच्या ठोक्याला तुटणारी लाईन

कोथरूडमधली जुनी चार मजली सोसायटी, इंटरनेटची लाईन तिसऱ्या मजल्यावर. त्या गल्लीत तेव्हा फायबर पोचलेलं नव्हतं, त्यामुळे सगळं टेलिफोनच्या तांब्याच्या जोडीवर, एडीएसएल2+ (फोनच्या तारेवरून येणारं ब्रॉडबँड). घरातल्या काकू संध्याकाळी सातला दहावीच्या गणिताची ऑनलाईन शिकवणी घ्यायच्या. "अहो, दिवसभर छान चालतं, आणि मुलं जमली की सातच्या ठोक्याला गेलंच! साडेसातपर्यंत दोन-तीनदा तरी जातं," असं त्यांनी सांगितलं. राउटर बदलून झाला होता, स्प्लिटर (फोन आणि इंटरनेट वेगळे करणारा डबा) बदलून झाला होता, आणि कुणीतरी "मार्जिन वाढवून घ्या, थांबेल" असंही सांगून गेलं होतं.

दुपारी राउटरचं स्टेटस पेज उघडलं तेव्हा आकडे असे होते: डाऊनस्ट्रीम (एक्स्चेंजकडून घराकडे) सिंक, म्हणजे दोन्ही टोकांनी जुळवून ठरवलेला वेग, 8,100 केबीपीएस, एसएनआर मार्जिन 6.2 डीबी, अ‍ॅटेन्युएशन (तारेत होणारी सिग्नलची घट) 38 डीबी. 0.5 मिलिमीटर तारेत किलोमीटरला साधारण 13.8 डीबी जातात, म्हणजे एक्स्चेंज पावणेतीन किलोमीटरवर. एवढ्या अंतराला आठ मेगाबिट अगदी रास्त आहेत. फोनवरून एक आकडा फिरवून शांत लाईन ऐकली, खरखर अजिबात नाही. राउटर आणि एक्स्चेंजचं पोर्ट दोन्ही सोडवून मग मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावला (पोर्ट न सोडवता मेगर लावला तर कार्डच जातं): अर्थशी गळती नाही. एमडीएफवर (एक्स्चेंजमधल्या तारांच्या मुख्य फळीवर) जोडी शॉर्ट करवून जाऊन-येऊनचा लूप मोजला, 470 ओहम, तोही अंतराशी जुळणारा. दोन्ही तारांचा रोध सारखा. जॉइंटला गंज चढला की बहुतेकदा एकाच तारेचा रोध वाढतो, जोडीचा तोल जातो आणि लाईन आजूबाजूचा सगळा गोंगाट ओढून घेते. इथे तसं काही नव्हतं. केबल निर्दोष होती.

मग मार्जिन. सिग्नल गोंगाटाच्या जेवढा वर असायलाच हवा, त्याच्याही वर जे शिल्लक उरतं ते मार्जिन. एडीएसएल2+ मध्ये 2.2 मेगाहर्ट्झचा पट्टा 4.3125 किलोहर्ट्झच्या 512 टोनमध्ये, म्हणजे छोट्या पट्ट्यांमध्ये, कापलेला असतो, आणि प्रत्येक टोनवर किती बिट बसवायचे ते सिंकच्या वेळी ठरतं. एक बिट जास्त बसवायला सुमारे 3 डीबी लागतात. प्रत्येक टोनवर सेकंदाला 4,000 सिंबॉल (बिटांचे गठ्ठे) जातात. या लाईनवर डाऊनस्ट्रीमचे साधारण 330 टोन कामात होते, म्हणजे लक्ष्य-मार्जिन (सिंकच्या वेळी शिल्लक ठेवायचं मार्जिन) 3 डीबीने वाढवलं की 330 गुणिले 4,000, तेरा लाख वीस हजार बिट सेकंदाला कमी. हा हिशोब आधी ग्राहकाला सांगावा. "सेटिंग केलं आणि स्पीड गेला" ही पुढची तक्रार त्यामुळे टळते.

सात वाजायच्या आधी लॅपटॉपवर स्टेटस पेज उघडं ठेवून बसलो. सातला मार्जिन 6 वरून एका झटक्यात अर्ध्या डीबीवर आलं, सीआरसी एरर (डेटातल्या चुका) धो धो वाढले आणि सिंक तुटला. मिनिटभरात परत जुळला तो 5,600 ला, मार्जिन पुन्हा 6. दहा मिनिटांनी मार्जिन हळूहळू आणखी थोडं खाली घसरलं.

हा झटका फार महत्त्वाचा. सूर्यास्तानंतर मार्जिन थोडं पडणं हे सगळीकडेच होतं, कारण रात्री मध्यम लहरी दूरदूरून येतात आणि तांब्याची लांब जोडी त्यांच्यासाठी अँटेनाच असते. टोननिहाय आलेख काढला तर पुणे आकाशवाणीचे 792 किलोहर्ट्झ 183-184 या टोनवर खाचेसारखे दिसतात. त्याने बिघडत नाही, मोडेम त्या टोनवर कमी बिट ठेवून पुढे जातो. पण ती रात्रीची घसरण तासाभरात, सूर्याच्या मागे मागे होते. घड्याळ बघून होत नाही. इथे काहीतरी टायमरवर चालू होत होतं.

आणखी एक खूण शेजारी मिळाली. समोरच्या घरातली लाईन त्याच डीपीवरून (तारा वाटून देणाऱ्या पेटीतून), पण त्यांची तक्रारच नव्हती. त्यांचा राउटर कधी बंदच होत नसे. तो कधीतरी संध्याकाळच्या गोंगाटात साडेपाच मेगाबिटला जुळला होता आणि दिवसा 12 डीबी मार्जिन घेऊन बसला होता. गोंगाट ओसरला म्हणून सिंकचा वेग सहसा आपोआप वर चढत नाही, त्यासाठी नव्याने सिंक व्हावं लागतं. काकू मात्र रोज रात्री राउटर बंद करायच्या, सकाळी शांत लाईनवर आठ मेगाबिटला जुळवायच्या आणि संध्याकाळी त्याची किंमत मोजायच्या. वेग कमी आणि मार्जिन भरपूर असं दिसलं, की ती लाईन गोंगाटात जुळलेली असण्याची शक्यता आधी तपासावी.

दुसऱ्या दिवशीची शिकवणी तरी पार पडावी म्हणून दुपारीच लक्ष्य वाढवलं. ब्रॉडकॉम चिपच्या राउटरमध्ये टेलनेटने (लॅपटॉपवरून आज्ञा टाइप करून) 192.168.1.1 वर शिरून ते टक्केवारीत देता येतं. 100 म्हणजे एक्स्चेंजने ठरवलेलं तेवढंच, त्याहून मोठा आकडा म्हणजे जास्त मार्जिन. पण 150 दिले की 6 चे बरोबर 9 होतील असं धरून चालू नये. फर्मवेअरप्रमाणे हिशोब बदलतो, म्हणून आकडा द्यायचा, सिंक होऊ द्यायचा आणि मार्जिन वाचायचं. हे फक्त डाऊनस्ट्रीमला लागू आहे, कारण कुठल्या टोनवर किती बिट ते घेणारं टोक ठरवतं. अपलोडचं घेणारं टोक एक्स्चेंजमध्ये असतं आणि शिकवणी घेणाऱ्याला अपलोडच जास्त लागतं. सुदैवाने अपलोडचे टोन 138 किलोहर्ट्झच्या खाली असतात आणि तिथे हा गोंगाट कमी होता.

शांत लाईनच्या हिशोबात 9 डीबीचं लक्ष्य पुरलं नसतं: सातला उरले असते 3, पुढे त्याहून कमी, आणि एररनी चित्र गोठत राहिलं असतं. 12 ठेवले तर सातनंतरही 5-6 उरतात, वेग साडेपाच. लाईन टिकली. पण रोज दोन-अडीच मेगाबिट देऊन गोंगाट पोसायचा हे मला पटत नव्हतं.

म्हणून साधा ट्रान्झिस्टर घेतला, मध्यम लहरींवर 600 च्या आसपास स्टेशन नसलेली जागा लावली आणि जिना उतरत गेलो. प्रत्येक मजल्यावर गुरगुर वाढत गेली. तळमजल्यावर डीपीच्या पेटीपाशी ट्रान्झिस्टर नुसता गरजत होता. पेटीच्या वर वीतभर अंतरावर जिन्यातली एलईडी ट्यूब, टायमरवर सात ते सकाळी सहा. आत स्वस्तातला ड्रायव्हर, फिल्टरचे भाग बसवलेलेच नाहीत, आणि तापेल तसा आवाज चढणारा. म्हणूनच दहा मिनिटांनी मार्जिन पुन्हा घसरत होतं. सेक्रेटरी काकांना खाली बटणापाशी उभं केलं आणि वरून फोन लावला. ते "बंद" म्हणाले आणि पडद्यावर 5.8 चे 12.1 झाले. "चालू" म्हणाले, परत 5.8.

ट्यूब बदलली, पण तेवढ्यावर सोडलं नाही. डीपीपासून तिसऱ्या मजल्यापर्यंतची ड्रॉप वायर चपटी, दोन तारा समांतर, पीळ नसलेली होती, आणि विजेच्या पाइपला चिकटून वर गेली होती. पीळ असला की दोन्ही तारांवर गोंगाट सारखा बसतो आणि मोडेमपाशी वजा होतो. चपट्या वायरीत तसं होत नाही. उद्या दुसऱ्या कुणाचा चार्जर तेच करणार. म्हणून 0.5 मिलिमीटरची पीळदार जोडी टाकली, विजेच्या पाइपपासून फूटभर लांबून. जिथे ओलांडायची वेळ आली तिथे काटकोनात.

टेलनेटने दिलेलं सेटिंग राउटर बंद झाला की पुसलं जातं. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, आणि काकू रात्री राउटर बंद करणारच. त्यामुळे राउटरमधला आकडा 100 वर परत नेला आणि एक्स्चेंजमधून पोर्टचं प्रोफाइलच 9 डीबी लक्ष्याचं करून घेतलं, इंटरलीव्हिंग (चुका सुधारता याव्यात म्हणून डेटा विखरून पाठवणं) चालू ठेवून. 6 वरही लाईन टिकली असती, पण रात्रीच्या लहरी दीड-दोन डीबी खातात आणि पावसात जॉइंट ओले झाले की आणखी जातात. सिंक 6,800 ला बसला. राउटर बंद करायचाच असेल तर शिकवणी संपल्यावर, मध्ये नाही, एवढंच काकूंना सांगितलं.