लिथियम बॅटरी घेण्याआधी गाडी तपासली

मोटरसायकलची जुनी शिशाची बॅटरी थकली होती. सेल्फ मारला की हेडलाइट मंद व्हायचा आणि इंजिन जेमतेम फिरायचं. या वेळी लिथियम टाकायची हे मनात पक्कं होतं, कारण चारेक किलोच्या जागी किलोभराची बॅटरी बसते. पण आपली गाडी ती सांभाळू शकते का, हे मला आधी बघायचं होतं. माझ्या मते ही निवड दुकानात नाही, गाडीच्या चार्जिंगवर ठरते.

मोटरसायकलला मिळणाऱ्या बहुतेक लिथियम बॅटऱ्या लिथियम आयर्न फॉस्फेटच्या, म्हणजे एलएफपीच्या असतात. ३.२ व्होल्टचे चार सेल सिरीजमध्ये जोडले की १२.८ व्होल्ट होतात, म्हणून हे रसायन १२ व्होल्टच्या गाडीला नेमकं जुळतं. यातला ऑक्सिजन फॉस्फेटमध्ये घट्ट बांधलेला असतो, त्यामुळे लिथियमच्या इतर प्रकारांपेक्षा हा तापल्यावर बराच शांत राहतो. १९९०च्या दशकात हा कॅथोड, म्हणजे सेलच्या धन बाजूचा पदार्थ, पुढे आणणाऱ्या गटाचे प्रमुख जॉन गुडइनफ. लिथियम बॅटरीवरच्या कामासाठी त्यांना २०१९चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

पहिली तपासणी व्होल्टेजची. जुनी बॅटरी पूर्ण चार्ज केली, इंजिन नीट गरम होऊ दिलं आणि मल्टिमीटरची टोकं थेट टर्मिनलवर धरली. आयडलिंगला १३.७ होतं. रेस वाढवत ५,००० आरपीएमपर्यंत नेली तर काटा १४.९वर गेला, आणि हेडलाइट बंद केल्यावर त्याहून थोडा वर. हे नको होतं. एलएफपीला १४.६च्या वर सतत ठेवू नये. शिशाच्या बॅटरीत जास्तीची वीज पाण्याचं विघटन करण्यात खर्च होते, त्यामुळे ती काही काळ तग धरते. लिथियमच्या सेलमध्ये तशी वाट नसते. तिथे व्होल्टेज सरळ चढत जातं. कनेक्टर साफ केले, अर्थिंगची तार नव्याने घट्ट केली, फरक पडला नाही. शेवटी रेग्युलेटर-रेक्टिफायर, म्हणजे चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग, बदलला. मग कितीही रेस दिली तरी मीटर १४.३च्या आसपास थांबलं. हा खर्च टाळून महागडी बॅटरी बसवण्यात काहीच अर्थ नव्हता.

दुसरी तपासणी गाडी उभी असताना होणाऱ्या गळतीची. किल्ली बंद ठेवायची, निगेटिव्ह तार सोडवायची आणि ती तार व बॅटरी यांच्यामध्ये मीटर ॲम्पिअरवर लावायचा. (मीटर जोडलेला असताना सेल्फ अजिबात मारू नये, फ्यूज उडतो.) माझ्या गाडीत २० मिलीॲम्पिअर आले. आकडा किरकोळ वाटतो, पण दिवसाला ते जवळपास अर्धा ॲम्पिअर-अवर खातात. १२ ॲम्पिअर-अवरची शिशाची बॅटरी यावर तीनेक आठवडे निघते, ४ ॲम्पिअर-अवरची लिथियम आठवड्याभरात रिकामी. जीपीएस ट्रॅकरचा फ्यूज काढला आणि आकडा २वर आला. उरलेलं घड्याळाचं आणि ईसीयूच्या, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाच्या, मेमरीचं. ट्रॅकरची जोडणी किल्लीनंतर चालू होणाऱ्या तारेवर घेतली.

आता ४ ॲम्पिअर-अवर का म्हणतोय, तर लेबलमुळे. खोक्यावर ठळक अक्षरांत १२ ॲम्पिअर-अवर लिहिलेलं असतं आणि शेजारी बारीक अक्षरांत ‘पीबी इक्विव्हॅलंट’, म्हणजे शिशाच्या बॅटरीशी तुलना करून काढलेला आकडा. ती तुलना इंजिन फिरवण्याच्या ताकदीची आहे, साठ्याची नाही. खरा साठा वॉट-अवरमधून कळतो. लेबलवर ४८ वॉट-अवर होते, १२.८ने भागले की पावणेचार ॲम्पिअर-अवर. गळती कमी झाल्यामुळे मला हा साठा पुरणार होता, तरी मी एक माप वरची घेतली आणि बीएमएस, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणारं सर्किट, आत असलेलीच निवडली. बीएमएस सेल समतोल ठेवते आणि फार खाली गेल्यास बॅटरी तोडते.

बसवणं सोपं गेलं. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना आधी पॉझिटिव्ह. बॅटरी आकाराने लहान, म्हणून सोबत आलेले फोमचे तुकडे खाली-बाजूला भरले. ती खोक्यात हलता कामा नये. टर्मिनलचे बोल्ट हलक्या हाताने पण पक्के आवळले.

सवय बदलावी लागली ती मीटर वाचण्याची. शिशाची बॅटरी १२.८ दाखवत असेल तर ती भरलेली असते. एलएफपी भरून तासन्‌तास ठेवल्यावर १३.३च्या वर असते, आणि १२.८ दिसलं तर ती बरीच उतरलेली असते. १३.१च्या खाली गेली की मी चार्जर लावतो. जुना चार्जर मात्र बाजूला ठेवला. त्यात डिसल्फेशन, म्हणजे शिशाच्या प्लेटवरचा सल्फेटचा थर काढायचा प्रकार, आपोआप सुरू होतं आणि त्या वेळचे जास्त व्होल्टेजचे झटके लिथियमला घातक असतात. नवा चार्जर एलएफपीसाठीचाच आहे.

थंडीत पहिला सेल्फ सुस्त वाटतो. अशा वेळी मिनिटभर हेडलाइट चालू ठेवतो. वीज वाहिली की सेल आतून गरम होतात आणि पुढचा सेल्फ जोरात लागतो. शून्य अंशाखाली मात्र चार्जिंग नाही, कारण ऋण बाजूला धातुरूप लिथियम साचतं आणि ते नुकसान भरून येत नाही.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर बॅटरी अर्ध्याहून थोडी जास्त भरून निगेटिव्ह तार काढून ठेवतो. एवढ्यावर ती कित्येक आठवडे जवळजवळ तशीच राहते. पूर्ण बसलेल्या लिथियमला दुसऱ्या गाडीवरून जंप देणं मी ठाम टाळतो. उतरलेल्या सेलमध्ये एकदम मोठा प्रवाह घुसतो. आणि खोकं जरा जरी फुगलेलं दिसलं तर चार्जर लावून बघायचा नाही. ती बॅटरी थेट रिसायकलिंगला.